बऱ्या दिसणाऱ्या लेकराची गोळी

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कुंभारी येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव महाराष्ट्राला माहीत झालं ते विडी कामगार बायकांच्या घरांमुळे. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत इथे उभी राहिली आणि 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या उद्घाटनाला आले. पुढे तीस हजार घरांचं रे नगर बांधायला घेतलं आणि त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते दिल्या गेल्या. लहान घर, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि दिवसभराच्या मापाच्या विड्या. ज्या दिवशी हात थांबतो त्या दिवशी मजुरीही थांबते.

समजा, यातल्या एका घरात दहा वर्षांची मुलगी आहे. दीड वर्षापूर्वी ती फिकट दिसायला लागली, ताप जाईना, पाय दुखतात म्हणून रात्री रडायची. तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल. लहान मुलांत सर्वांत जास्त दिसणारा कॅन्सर हाच. मग परळचं टाटा हॉस्पिटल, धर्मशाळेतले महिने, सलाईन, पाठीतली इंजेक्शनं, गळून गेलेले केस. आता केस परत आले आहेत, ती शाळेत जाते, दोरीवरच्या उड्या मारते. आणि फळीवर एका डब्यात रोजच्या गोळ्या आहेत, त्या अजून वर्षभर तरी चालणार आहेत.

तिची आई विचारते, पोरगी चांगली खेळतेय, रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही म्हणतात, मग गोळ्या कशाला? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. अगदी योग्य प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर नीट दिलं जात नाही म्हणूनच गोळ्या सुटतात. या लेखात तेच उत्तर सावकाश मांडायचं आहे.

सुरुवात आकड्यांपासून करू. आजार ओळखला जातो तेव्हा मुलाच्या शरीरात साधारण एक लाख कोटी कॅन्सरच्या पेशी असतात. पहिल्या महिन्याभराच्या औषधांनी त्यातल्या बहुतेक मरतात. मग हाडातला मगज काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात कॅन्सरसारख्या दिसणाऱ्या पेशी शेकडा पाचपेक्षा कमी दिसल्या की डॉक्टर म्हणतात, आजार आटोक्यात आला. कागदावर ‘रेमिशन’ लिहिलं जातं आणि घरात पेढे येतात. पण त्या क्षणीही शरीरात हजार कोटीपर्यंत पेशी उरलेल्या असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात त्या सापडत नाहीत, इतकंच.

म्हणून आता आणखी बारीक तपासणी करतात, तिला एमआरडी म्हणतात. यंत्रातून एकेक पेशी पुढे सरकवून दहा हजारांत एखादी कॅन्सरची आहे का ते शोधतात. पहिल्या महिन्याच्या शेवटी ही तपासणी स्वच्छ आली तर आजार उलटण्याची शक्यता बरीच कमी होते. तशी आली नाही तर उपचार वाढवावे लागतात. पण हिशेब करून पाहा. दहा हजारांत एक या मर्यादेच्या जरा खाली असलं तरी दहा कोटी पेशी शिल्लक असू शकतात. ‘रिपोर्टमध्ये नाही’ म्हणजे ‘शरीरात नाही’ असं धरता येत नाही, ते यामुळे.

डॉक्टरांनाही हे एकदम उमगलेलं नाही. 1948 मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या सोळा मुलांना ॲमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं आणि त्यातल्या दहा मुलांत सुधारणा झाली. त्याआधी या आजारात असं काही घडत नव्हतं. ते औषध लेडर्ली कंपनीत ज्यांच्या हाताखाली तयार झालं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. कुंभारीच्या वसाहतीत घरी तेलुगू बोलणारी असंख्य पद्मशाली कुटुंबं आहेत. त्यांच्याच भाषेतल्या या माणसाचं नाव तिथल्या शाळेत सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पण त्या दहा मुलांची सुधारणा टिकली नाही. काही महिन्यांत आजार उलटला. एकच औषध आणि तेही थोडे दिवस, एवढ्यानं भागत नाही, हा पहिला धडा त्या मुलांनी जीव देऊन शिकवला.

दुसरा धडा मेम्फिसमधल्या सेंट ज्यूड रुग्णालयात मिळाला. तिथे डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र द्यायला सुरुवात केली. मुलं बरी व्हायची, रक्त स्वच्छ दिसायचं आणि मग अचानक डोकेदुखी, उलट्या. आजार मेंदूभोवतीच्या पाण्यात लपून बसलेला असायचा. रक्तातली बहुतेक औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत. निसर्गानं मेंदूच्या संरक्षणासाठी घातलेली भिंत कॅन्सरच्या पेशींनाही आसरा देते. म्हणून पाठीच्या मणक्यातून थेट त्या पाण्यात औषध सोडायचं ठरलं. पाठीतल्या ज्या इंजेक्शनाला मुलं सर्वांत जास्त घाबरतात, त्याचं कारण हे. मेंदूत आजार दिसला म्हणून ते देत नाहीत, तो तिथे उगवू नये म्हणून देतात. मुलग्यांत अशी दुसरी लपायची जागा म्हणजे अंडकोष. हे सगळं जुळवून दोन-तीन वर्षं उपचार चालवल्यावर 1960 च्या दशकाच्या अखेरीस निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत शंभरातली नव्वदच्या आसपास होतात.

आता फळीवरच्या डब्याकडे येऊ. त्यात मुख्य गोळ्या दोन. एक मर्कॅप्टोप्युरिन, जिला सगळे सिक्स एमपी म्हणतात, ती रोज. दुसरी मेथोट्रेक्सेट, ती आठवड्यातून एकदा. सोलापूरकरांना त्यांचं काम मागाच्या भाषेत सांगता येईल. पेशी दुभंगताना आपल्या आतल्या गुणसूत्राची नक्कल विणते. सिक्स एमपी त्या विणीत खोटं सूत घुसवते, त्यामुळे वीण फसते आणि पेशी मरते. मेथोट्रेक्सेट सुताचा पुरवठाच आवळते; फॉलिक ॲसिडशिवाय ते सूत तयार होत नाही आणि हे औषध त्याचाच वापर अडवतं. सिक्स एमपी 1953 पासून वापरात आहे. ती शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं. इतकी जुनी गोळी आजही तशीच चालू आहे, कारण तिची जागा घेणारं काही सापडलेलं नाही.

यातली कळीची गोष्ट अशी. या गोळ्या पेशीला तेव्हाच मारतात जेव्हा ती दुभंगत असते. उरलेल्या पेशी सगळ्या एकाच वेळी दुभंगत नाहीत. काही निवांत बसून असतात, आठवडे, महिने. आज एक जागी होईल, पंधरा दिवसांनी दुसरी. ती जागी होईल त्या दिवशी रक्तात औषध हजर असायला हवं. तो दिवस कोणता ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून गोळी रोज द्यायची आणि वर्ष-दोन वर्षं द्यायची. एकदम मोठा डोस देऊन हे काम लवकर उरकता येत नाही. डोस चुकले की त्या दिवसांत जागी झालेली पेशी सुटते आणि एकीच्या दोन होतात. सुटलेल्यांत औषधाला दाद न देणारीही एखादी असू शकते, म्हणून उलटलेला आजार पहिल्यापेक्षा चिवट असतो.

किती गोळ्या चुकल्या तर फरक पडतो? भारतीय वंशाच्या बालकर्करोगतज्ज्ञ स्मिता भाटिया यांनी अमेरिकेत याचा अभ्यास केला. त्यांनी मुलांना अशा बाटल्या दिल्या की त्यांच्या टोपणातली चिप बाटली उघडल्याची दर वेळी नोंद करायची. ज्या मुलांनी शंभरातल्या 95 पेक्षा कमी गोळ्या घेतल्या त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका 2.7 पट निघाला. शंभरातल्या 95 म्हणजे किती, हे बोटावर मोजा. महिन्याला दोन गोळ्या चुकत राहिल्या तरी आपण त्या रेषेच्या खाली जातो. आणखी एक गोष्ट दिसली. घरच्यांनी सांगितलेले दिवस आणि टोपणानं नोंदवलेले दिवस यांचा मेळ अनेकदा बसला नाही. सांगितलेला आकडा मोठा असायचा. लोक खोटारडे नसतात. ‘दिली असेल’ आणि ‘दिली’ यांत रोजच्या धबडग्यात फरक राहत नाही, एवढंच. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा, आणि ती गोळी पोटात गेल्यावर करा, हातावर ठेवल्यावर नको.

वेळेबद्दल पूर्वी फार बंधनं सांगत. रात्रीच द्या, रिकाम्या पोटी द्या, दूध नको. पुढच्या अभ्यासात दिसलं की या बंधनांनी आजार उलटण्यात फरक पडत नाही, मात्र गोळी देणं अवघड होऊन बसतं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ पाळा आणि ती रोज तीच ठेवा. मेथोट्रेक्सेटचा वार मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. गुरुवार तर गुरुवारच. ही गोळी चुकून रोज दिली गेली तर मूल दगावू शकतं, म्हणून ती वेगळ्या डबीत ठेवा आणि डबीवर वार लिहा. दोन्ही गोळ्या विषारी जातीच्या आहेत. त्या उघड्यावर कुटू नका, हात धुवा आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं त्या हाताळू नयेत.

आता काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. इथे सर्वांत मोठी गैरसमजूत होते, म्हणून जरा थांबतो. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी कमी दिसल्या की आईवडिलांचा जीव खाली-वर होतो. औषध मुलाला सोसत नाही असं वाटून गोळी बंद केली जाते. पण या उपचारात काउंट थोडा खाली असावा हाच हेतू असतो. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी साधारण 500 ते 1,500 च्या दरम्यान राहाव्यात असा डोस ठेवतात. काही रुग्णालयं खालची रेषा 750 धरतात. काउंट महिनोन्महिने सुरेख भरलेला असेल तर त्याचा अर्थ बहुधा असा की औषध कमी पडतंय. मूल वाढलं, वजन वाढलं आणि डोस जुनाच राहिला, असंही होतं. अशा वेळी डॉक्टर डोस वाढवतात आणि घरच्यांना ते उलटं वाटतं. ते उलटं नाही. गोळी 50 मिलिग्रॅमची असते, म्हणून सोमवार ते शुक्रवार एक आणि शनिवार-रविवार दीड, असली वाटणी करावी लागते. ती कागदावर लिहूनच घ्या.

काउंट फारच उतरला तर डॉक्टर स्वतः गोळी थांबवतात. काही मुलांत एनयूडीटी15 नावाच्या जनुकातल्या फरकामुळे सिक्स एमपी अंगात जास्त साचते आणि नेहमीच्या डोसनंही काउंट कोसळतो. आशियाई लोकांत हा फरक बराच आढळतो आणि त्याची तपासणी होते. अशा मुलांना कमी डोसच पुरतो. पण थांबवलेली गोळी पुन्हा कधी सुरू करायची हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. आठवड्यासाठी थांबलेली गोळी महिनाभर बंदच राहिली, असं घडतं. काउंट काढायला दर वेळी मुंबईला जावं लागत नाही. कुंभारीतच अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, सोलापुरात सिव्हिल आहे. रिपोर्ट इथे काढायचा आणि डोस मुंबईच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचा, ही वाट आधीच आखून घ्या.

ताप आला तर मात्र थांबायचं नाही. 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला की क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये, तडक दवाखाना गाठावा. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरतो. शेजारच्या घरी कांजिण्या किंवा गोवर आला तर मुलाला काही झालं नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सोलापूर भागात पाणी रोज येत नाही, ते साठवावं लागतं; या मुलाचं पाणी उकळून वेगळं झाका. याचा आजार उलटण्याशी काय संबंध? संबंध सरळ आहे. जुलाब झाले, ताप आला की गोळ्या थांबतात, आणि थांबलेले दिवस बेरजेत येतात.

बरं वाटावं म्हणून घरोघरी काय काय दिलं जातं, तेही सांगायला हवं. रक्तवाढीच्या टॉनिकात बहुधा फॉलिक ॲसिड असतं. मेथोट्रेक्सेट जे अडवायचा प्रयत्न करते तेच आपण चमच्यानं भरतो. फार्बर यांनीही ल्युकेमियाच्या मुलांना आधी फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं होतं आणि आजार वेगानं वाढल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यावरूनच उलट काम करणारं औषध सुचलं. शाळेत आणि अंगणवाडीत लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळ्या. एरवी त्या चांगल्याच आहेत. पण उपचार चालू असलेल्या मुलानं त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, हे बाईंना चिठ्ठीनं कळवा. गुळवेलीचा काढाही नको. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत, आणि या दोन्ही गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन नावाचं कॅन्सरचं औषध बनतं हे खरं. पण म्हणून अंगणातली पानं चावायची नसतात, ती विषारी आहेत.

विडी वळणाऱ्या आया स्वतःला दोष देतात, माझ्या तंबाखूमुळे लेकराला झालं म्हणून. कुठल्याही एका मुलाच्या ल्युकेमियाचा दोष असा आईच्या सुपावर टाकता येत नाही आणि टाकूही नये. तंबाखू मुलापासून दूर ठेवायची ती पुढच्या आयुष्यासाठी. एकदा कॅन्सरच्या उपचारांतून गेलेल्या शरीराला दुसऱ्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि मिश्री, मावा, विडी तो आणखी वाढवतात.

पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींची गोष्ट जास्त अवघड आहे. या वयात आजारच मुळात जास्त हट्टी असतो. मोठ्यांच्या पद्धतीपेक्षा लहान मुलांच्या कडक पद्धतीनं उपचार केले तर त्यांचे निकाल सुधारतात, हे गेल्या वीसेक वर्षांत स्पष्ट झालं. पण गोळ्या सुटतात त्या याच वयात. मुलगा कामाला लागतो, डबा घरी राहतो, आईनं विचारलेलं आवडत नाही. मुलीच्या बाबतीत लग्नाची बोलणी सुरू होतात आणि पाहुणे यायच्या आत फाइल आणि गोळ्या पेटीच्या तळाशी जातात. मला यात सर्वांत जास्त वाईट याचं वाटतं की आजाराला सगळ्यांनी मिळून हरवलेलं असतं आणि लाजेपायी त्याला दार उघडून दिलं जातं. मोठ्या मुलालाही गोळी कुणाच्या तरी डोळ्यांदेखतच द्यावी. त्याला पोर समजून नव्हे, सोबत म्हणून.

गोळ्यांचा शेवटचा दिवस डॉक्टर ठरवतात. त्यानंतर तपासणीचे दिवस सुरू होतात. पहिल्या वर्षी साधारण दर महिन्याला, मग दोन-तीन महिन्यांनी, मग आणखी अंतरानं. आजार उलटायचा तर बहुतेक वेळा उपचारांदरम्यान किंवा त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. फिकटपणा, न जाणारा ताप, आपोआप उठणारे निळे डाग, हाडं दुखणं, मानेत किंवा काखेत गाठ, सकाळची डोकेदुखी आणि उलटी, मुलग्यात न दुखता सुजलेला अंडकोष. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. मुलगे शेवटचं लक्षण लाजेनं सांगत नाहीत, म्हणून वडिलांनी ते आधीच मोकळेपणानं सांगून ठेवावं.

उलटलेल्या आजारावरही आता उपाय आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून तयार केलेल्या नेक्सकार19 या पेशी-उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. तो पंधरा वर्षांवरच्यांसाठी आहे आणि त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. ब्लिनाट्युमोमॅब नावाचं औषध पहिल्याच उपचारात जोडलं तर तीन वर्षांनी आजारमुक्त राहणाऱ्या मुलांचं प्रमाण 87.9 टक्क्यांवरून 96 टक्क्यांवर गेल्याचं 2024 च्या अखेरीस जाहीर झालं. तेही महागच आहे. कुंभारीतल्या घराच्या आवाक्यात आज जी गोष्ट आहे ती फळीवरच्या डब्यात आहे.

आणि तपासणीच्या तारखा. मजुरी बुडते, हे खरं आहे. पण कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत आहे. रुग्णालयाचा दाखला घेऊन ती मागा. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापूरहून निघते आणि सकाळी मुंबईत पोचते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा गेली अनेक वर्षं टाटाच्या रुग्णांना आसरा देते आहे. उपचारांच्या खर्चासाठी असलेल्या सरकारी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काय आणि कसं मिळतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. या योजनेचं पहिलं रूप 2012 मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. टाटामध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळा तपासणी विभाग चालतो. कोणती औषधं एकूण किती दिली गेली याचा लेखी गोषवारा मागून घ्या, फाइलला प्लास्टिक घाला आणि ती पेटीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा. तुमची मुलगी पंचवीस वर्षांची होईल तेव्हाही तिच्या डॉक्टरांना ती लागणार आहे.